वार्धक्याचा हक्क

रहस्यकथांचे नायक सहसा म्हातारे होत नाहीत. अमेरिकन लेखक जोसेफ हॅन्सन (१९२३-२००४) यांचा डेव्ह ब्रँडस्टेटर मात्र होतो. १९७० सालच्या 'फेडआउट'मध्ये तो विमा कंपनीचा तपासनीस म्हणून मृत्यूंचे दावे तपासतो. तो समलिंगी आहे आणि ते लपवीत नाही. कॅलिफोर्नियात तेव्हा असे संबंध गुन्हा होते. कायदा बदलला १९७५ साली. म्हणजे गुन्ह्याचा छडा लावणाराच कायद्याच्या लेखी गुन्हेगार! १९९१ सालच्या बाराव्या, अखेरच्या कादंबरीत निवृत्त, थकलेला डेव्ह पुन्हा एका खुनाच्या तपासात ओढला जातो. समलिंगी पात्रांना अकाली मृत्यू देण्याची रूढी असताना हॅन्सन यांनी त्याला वार्धक्य दिले. आम्हांस त्यांचे हे धाडस रहस्याच्या उकलीहून मोलाचे वाटते.