न संपणारी विद्यार्थिदशा



मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारें आयुष्य खेड्यांतील मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत घालविलेल्या एका निवृत्त शाळामास्तरानें संगणकाच्या व्यवसायावर बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. मलाही तें वाटतें. परंतु ज्या प्रसंगामुळें मी या विषयाकडे वळलों तो आधीं सांगतों, म्हणजे माझ्या धाडसाबद्दल आपण मला क्षमा कराल.

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. प्रवरेच्या कांठच्या एका गांवांतील शेतकऱ्याचा हा मुलगा. अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्याजवळ हिंजवडीस नोकरीला लागला, त्यास आतां चौदा वर्षें झालीं. फराळ झाला, घरची विचारपूस झाली, आणि मग जरा गप्प बसून तो म्हणाला, "गुरुजी, कॉलेजांत शिकलों तें पांच वर्षांत जुनें झालें. नोकरींत नवें शिकलों, तेंही जुनें झालें. आतां तर यंत्रच प्रोग्रॅम लिहूं लागलें आहे. माझ्या हातांत उरलें काय?"

"अरे, होईल सारें ठीक," असें मी म्हणालों खरा. परंतु तें उत्तर नव्हतें, हें त्यालाही कळलें आणि मलाही. त्यानंतर कांहीं महिने या व्यवसायाचा इतिहास मिळेल तेथून मीं वाचून काढला. त्या वाचनांतून जें उत्तर मला सांपडलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम या कामाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. संगणक आपण होऊन कांहींच करीत नाहीं. त्यास प्रत्येक पायरी सांगावी लागते. मुलाकडून एकमान पद्धतीचें उदाहरण सोडवून घेतांना आपण सांगतों, "आधीं एका वस्तूची किंमत काढ, मग तिला वस्तूंच्या संख्येनें गूण." अशाच पायऱ्यांची जी लेखी यादी यंत्रास द्यावयाची, तिला प्रोग्रॅम अथवा आज्ञावली म्हणतात. फरक इतकाच कीं, न सांगितलेलें मुलगा समजून घेतो, यंत्र घेत नाहीं. म्हणून या कामाचे दोन भाग पडतात. एक, प्रश्न नीट समजून घेऊन त्याच्या पायऱ्या पाडणें. आणि दुसरा, त्या पायऱ्या यंत्रास कळेल अशा भाषेंत लिहिणें. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सारी कथा त्याच्याच भोंवतीं फिरणारी आहे.

आपल्या प्रांतांत या विद्येचा पाया मुंबईस घातला गेला. डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् हे गणिती १९५४ सालीं दाखल झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं येथेंच संगणक बांधावयास घेतला. त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं संगणक बांधणें तर दूरच, तो कधीं वापरलाही नव्हता. प्रथम त्यांनीं एक लहान प्रायोगिक यंत्र तयार केलें. त्यावर हात बसल्यावर मोठें यंत्र हातीं घेतलें व तें १९६० सालीं पुरें केलें. १९६२ च्या जानेवारींत पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या त्या यंत्राची स्मृति अवघ्या २०४८ शब्दांची होती. आज शाळकरी मुलाच्या हातांतील मोबाइलपुढें ती नगण्य होय.

परंतु हें यंत्र पुरें होतें न होतें तोंच जगांत ट्रान्झिस्टरचीं यंत्रें आलीं. १९६४ सालीं त्याच संस्थेंत सी. डी. सी. ३६०० हें अमेरिकन यंत्र बसविण्यांत आलें, आणि टिफ्रॅकची सद्दी संपली. मग इतक्या वर्षांचे श्रम व्यर्थ गेले काय? वरवर पाहणारा तसें म्हणेल. वस्तुतः यंत्र तेवढें जुनें झालें, माणसें जुनीं झालीं नाहींत. ज्यांनीं एक संगणक स्वतःच्या हातानें उभा केला होता, त्यांना दुसऱ्याचें अंतरंग समजावयास वेळ लागला नाहीं. खुद्द नरसिंहन् यांनीं यंत्रबांधणीवर न थांबतां, चित्रांतील आकृति यंत्रास कशी ओळखतां येईल या अगदीं निराळ्या प्रश्नाचा अभ्यास आरंभिला; आणि पुढें १९७० नंतरच्या दशकांत सॉफ्टवेअरच्या विकासासाठीं जें राष्ट्रीय केंद्र त्या संस्थेंत निघालें, त्याचेंही नेतृत्व केलें. पाटी पुसली गेली तरी हाताला लागलेलें वळण पुसलें जात नाहीं, असें आम्ही पहिलीच्या मुलांना सांगत असूं. तेंच येथें घडलें.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या खऱ्या भीतीकडे येतों. यंत्रच प्रोग्रॅम लिहूं लागलें, ही हाकाटी आजची नव्हे. अगदीं आरंभीं यंत्राचे सारे आदेश आंकड्यांत लिहावे लागत. १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर या अमेरिकन विदुषीनें असा एक प्रोग्रॅम तयार केला कीं, जो आधीं लिहून ठेवलेले तुकडे आपण होऊन जुळवून देई. यंत्रास फक्त अंकगणित येतें, असें तेव्हां लोक तिला सांगत. नंतर १९५७ सालीं आय. बी. एम. कंपनींतील जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं फोरट्रान ही भाषा प्रचारांत आणली. तिच्यांत सूत्र जवळजवळ बीजगणिताप्रमाणें लिहावें, आणि त्याचे आंकडेबंद आदेश यंत्रानेंच बनवावे. त्या काळीं या प्रकाराला काय म्हणत, तें वाचून मी थक्क झालों. त्याला 'ऑटोमॅटिक प्रोग्रॅमिंग', म्हणजे स्वयंचलित आज्ञालेखन, असें म्हणत!

आंकड्यांत आदेश लिहिण्यांत ज्यांची हयात गेली होती, त्यांना प्रथम ही गोष्ट खरीच वाटेना. हातानें लिहिलेल्या आदेशांची सर यंत्राच्या लेखनास येणार नाहीं, अशी त्यांची खात्री होती. ती चुकीची ठरली. परंतु प्रोग्रॅम लिहिणारांची गरज संपेल, हेंही खोटें ठरलें. उलट लेखन सोपें व स्वस्त झाल्यामुळें जे प्रश्न यंत्राकडे नेणें पूर्वीं परवडत नसे, ते नेतां येऊं लागले. कारखान्यांचे पगार, बँकांचीं खातीं, विम्याचे हप्ते, रेल्वेचें आरक्षण, हीं सारीं कामें एकामागून एक यंत्राकडे गेलीं, आणि लिहिणारांची संख्या कित्येक पटींनीं वाढली. मात्र त्यांच्या कामाचें स्वरूप बदललें. आंकडे पाठ असणाऱ्याची किंमत उतरली. प्रश्नाच्या पायऱ्या पाडणाऱ्याची चढली.

पुढेंही हेंच घडत आलें. व्यापारी हिशेबासाठीं कोबॉल ही भाषा १९६० च्या सुमारास आली, १९७० नंतर सी आली, १९९५ सालीं जावा आली. एका माणसाच्या नोकरीच्या मुदतींत तीन-तीन भाषा बदलल्या. जुनी विद्या अगदींच मेली असें म्हणावें, तर १९९९ च्या सुमारास उलटाच प्रकार झाला. जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची चाल असल्यामुळें २००० सालीं यंत्रें गोंधळतील अशी धास्ती पडली, आणि ते कोबॉलचे जुने कागद वाचून दुरुस्त करूं शकणाऱ्या माणसांचा जगभर शोध सुरू झाला. आपल्याकडील कितीतरी तरुणांना त्या निमित्तानें काम मिळालें. दुसऱ्यानें पूर्वीं लिहिलेलें धीर धरून वाचतां येणें, हा या व्यवसायांतला केवढा मोठा गुण आहे, हें त्या वेळीं दिसून आलें.

महाराष्ट्रांतील दोन उदाहरणें येथें सांगण्याजोगीं आहेत. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या लहानशा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर हे शिक्षणानें विद्युत्-अभियंते. अमेरिकेनें महासंगणक देण्यास अडथळे घातल्यावर १९८८ सालीं पुण्यास 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली व तिचें नेतृत्व त्यांच्याकडे आलें. आणि १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यांत एकच बलाढ्य यंत्र नव्हतें. अनेक लहान यंत्रांत काम वांटून द्यावयाचें होतें. एकामागून एक पायरी लिहिण्याची ज्यांना संवय, त्यांना एकाच वेळीं चालणाऱ्या पायऱ्यांचा विचार नव्यानें शिकावा लागला. दुसरें उदाहरण नागपूरचे श्री. यशवंत कानेटकर यांचें. सी भाषा शिकविणारें त्यांचें 'लेट अस सी' हें पुस्तक देशभरच्या विद्यार्थ्यांनीं अभ्यासलें. दूरच्या गांवांतील ज्या मुलांना चांगला शिक्षक मिळाला नाहीं, त्यांना असें एक पुस्तकही पुरलें. स्वतः शिकलेलें दुसऱ्यास समजेल असें सांगणें, ही त्या विद्येची पक्की कसोटी होय.

आतां आपल्या नगर जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे वळूं. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें लोणीस सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचें गळीत सुरू झालें. मोट हांकणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला. बॉयलर, ताळेबंद, उतारा हे शब्द त्याच्या ओसरीवर आले. ते त्याला कोणत्याही शाळेनें शिकविले नव्हते; काम करतां करतां तो ते शिकला. पुढें १९८३ सालीं वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतांना विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षीं लोणी, संगमनेर व कोपरगांव या तिन्ही ठिकाणीं अशीं महाविद्यालयें निघालीं. उंसाच्या पट्ट्यांतून पुण्याच्या संगणक-कंपन्यांकडे जाणारी वाट ही अशी पडली.

या वाटेच्या पहिल्या टप्प्यावर आम्ही शाळामास्तर उभे होतों, आणि येथें मला एक कबुली दिली पाहिजे. याच नगर शहरांत सिंथिया फरार या अमेरिकन बाईंच्या संस्थेंत सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें होतें. शिकविणारानें आधीं विद्यार्थी झालें पाहिजे, हा धडा या गांवाला दीडशें वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तो मीं विसरलों. सुमारें वीस-बावीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत पहिला संगणक आला, तेव्हां मुलें मोडतील म्हणून मीं त्यावर कापड घालून तें कपाट-खोलींत कुलूपबंद ठेवलें. खरी गोष्ट अशी कीं, मला तो चालवितां येत नव्हता, आणि मुलांसमोर अडाणी ठरण्याची मला लाज वाटत होती. "गुरुजी, एकदांच हात लावूं द्या ना," असें म्हणणाऱ्या एका मुलाला मीं दटावून परत पाठविलें. दिवाळींत मजकडे आला तो हाच मुलगा.

इतिहास वाचल्यावर मीं त्यास पुन्हां बोलावून घेतलें. "अरे," मी म्हणालों, "जुनें झालें तें तुझें लिहिणें, प्रश्न समजून घेणें जुनें झालें नाहीं. तुझ्या आधींच्या प्रत्येक पिढीनें हेंच दुःख भोगलें आहे. जे आपल्या एका भाषेस चिकटून बसले, ते मागें पडले. जे दुसऱ्याचें लिहिलेलें वाचीत राहिले, तळाचें गणित विसरले नाहींत, आणि आपल्याहून दहा वर्षांनीं लहान असलेल्याजवळ बसून शिकण्यास लाजले नाहींत, ते वाढले."

तो हंसला नाहीं. म्हणाला, "गुरुजी, या खेपेचा बदल मोठा आहे. आतां साध्या बोलण्यांत सांगितलें तरी यंत्र लिहून देतें." त्याचें म्हणणें मीं नाकारलें नाहीं. कोणाचीच नोकरी जाणार नाहीं, असें वचन इतिहास देत नाहीं. परंतु यंत्रानें लिहून दिलेलें बरोबर आहे कीं चूक, हें ठरविण्यासाठीं तरी विषय जाणणारा मनुष्य लागतोच. मुलानें गणिताचें उत्तर मागच्या पानावरून उतरविलें आहे कीं सोडविलें आहे, हें ओळखण्यासाठीं मास्तर लागतो, तसा.

सुशिक्षित कुटुंबांना मात्र जातां जातां एक विनंति करावीशी वाटते. मुलगा किंवा मुलगी या व्यवसायांत लागली कीं, पगार किती आणि परदेशीं केव्हां, हेच दोन प्रश्न आपण विचारतों. हल्लीं नवें काय शिकतेस, हें कोणी विचारीत नाहीं. दिवसभर काम करून आल्यावर रात्रीं पुन्हां पुस्तक उघडावयाचें, ही या व्यवसायाची रीतच आहे. त्या दोन तासांना घरानें मान दिला पाहिजे, आणि घरची सून त्या व्यवसायांत असेल तर तिच्या त्या दोन तासांना मुलाच्या तासांइतकाच दिला पाहिजे.

त्या दिवशीं निघतांना माझ्या विद्यार्थ्यानें आपला लहान संगणक माझ्यापुढें उघडून ठेवला व म्हणाला, "लावा हात." प्रस्तुत भाषण मीं त्यावरच, एक एक अक्षर शोधून, टंकलिखित केलें आहे. त्यांत चुका राहिल्या असतील. शिकणाराच्या चुका म्हणून श्रोत्यांनीं त्या पदरांत घ्याव्या, इतकें सांगून आपली रजा घेतों.