इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल

हॅरिएट जेकब्स (१८१३–१८९७) या अमेरिकन लेखिकेचे आत्मकथन. १८६१ मध्ये बॉस्टन येथे प्रकाशित. जेकब्स यांचा जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ईडेंटन येथे गुलामगिरीत झाला. मालकाच्या लैंगिक छळातून सुटण्यासाठी त्या आजीच्या घराला जोडलेल्या खोपटाच्या माळ्यावर सुमारे सात वर्षे लपून राहिल्या. माळा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच जागी अवघा तीन फूट. ताठ उभे राहणेही अशक्य. हाती लागलेल्या गिरमिटाने त्यांनी भिंतीला भोके पाडली आणि त्यांतून त्या आपल्या मुलांना पाहत. १८४२ मध्ये त्या उत्तरेकडे निसटल्या.

पुस्तकात निवेदिकेचे नाव लिंडा ब्रेंट असून इतर नावेही बदललेली आहेत. त्यामुळे, तसेच संपादिका आणि कादंबरीकार लिडिया मारिया चाइल्ड यांच्या नावामुळे, विसाव्या शतकात अनेक अभ्यासकांनी ते कल्पित मानले. अभ्यासक जीन फॅगन येलिन यांनी जेकब्स यांची पत्रे व अन्य कागदपत्रे ताडून लेखिकेची ओळख आणि कथनाची सत्यता सिद्ध केली. येलिन यांनी संपादित केलेली आवृत्ती १९८७ मध्ये निघाली.

गुलाम स्त्रीवरील लैंगिक अत्याचार आणि तिचे मातृत्व या पुस्तकात तिच्याच शब्दांत आले आहे. म्हणूनच गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मचरित्राशेजारी ठेवून ते वाचले पाहिजे. त्याविना गुलामगिरीचा इतिहास अपुरा राहतो.