वऱ्हाड वेगळं झालं असतं तर?

नागपूरहून मोझरीला येताना तळेगाव मागे पडलं की वर्धा नदीचा पूल लागतो. लहानपणी आबांसोबत एसटीने यायचो तेव्हा पूल ओलांडला रे ओलांडला की आबा म्हणायचे, "आलं बाबू आपलं वऱ्हाड." मला काही कळायचं नाही. इकडे कापूस, तिकडेही कापूस. जिल्हा बदलला असेल फार तर!

मागच्या शनिवारी पुण्याहून घरी आलो, तेव्हा पुलावर तेच वाक्य आठवलं. आबा आता नाहीत. पण ते बरोबर बोलत होते. ही नदी म्हणजे एकेकाळी खरीखुरी सरहद्द होती.

थोडा इतिहास. १८५३ ला इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतलं, पण जिंकून नाही. निजामाच्या नावाने ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च थकला म्हणून चक्क तारण घेतलं! १८६० ला पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, तरी तारण काही सुटलं नाही. १९०२ ला लॉर्ड कर्झनने त्याचं रूपांतर कायमच्या भाडेपट्ट्यात केलं, वर्षाला २५ लाख रुपये. म्हणजे सुमारे १७,७०० चौरस मैलांचा मुलूख, मालक हैदराबादेत, भाडेकरू इंग्रज, आणि आत राहणारे आपण. १९०३ पासून कारभार मध्य प्रांताकडे गेला. १९३६ च्या करारात तर निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. राज्य नाही, नुसतं नाव :-)

आता 'जर-तर'. प्रोग्रामर माणूस, त्यामुळे इफ-एल्सशिवाय डोकं चालत नाही.

पहिला 'जर'. १९२३ ला निजाम मीर उस्मान अली खानने वऱ्हाड परत मागितलं. सोबत आश्वासन दिलं की वऱ्हाडाला स्वतःचा गव्हर्नर आणि अंतर्गत स्वायत्तता देईन. १९२६ ला लॉर्ड रीडिंगने साफ नकार दिला. समजा, हो म्हटलं असतं तर? वऱ्हाड हैदराबादच्या छत्राखालचं स्वायत्त राज्य झालं असतं. तुकडोजी महाराजांनी १९३५ ला स्थापन केलेला गुरुकुंज आश्रम निजामाच्या हद्दीत आला असता. १५ ऑगस्ट १९४७ ला पुलाच्या पलीकडे तिरंगा आणि अलीकडे सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईची वाट बघणं, जे मराठवाड्याच्या वाट्याला आलं तेच. आणि पुढे? १९५६ ला हैदराबादचे भाषेप्रमाणे तुकडे झाले तेव्हा मराठवाड्याचा हात धरून आपणही मुंबई राज्यात आलो असतो. रस्ता वेगळा, पण आउटपुट तेच!

दुसरा 'जर' मात्र खरा फाटा आहे. ३० सप्टेंबर १९५५ ला फाजल अली आयोगाने अहवाल दिला. त्यात आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करा अशी स्पष्ट शिफारस होती. वऱ्हाडचे चार जिल्हे त्यातच. शिफारस मानली गेली नाही. १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य झालं, १९६० ला महाराष्ट्र.

वाचता वाचता मला जर्मनीतला झार प्रांत सापडला आणि मी उडालोच. आपल्या एखाद्या जिल्ह्यापेक्षाही लहान मुलूख. आपल्याकडे कापूस, त्यांच्याकडे कोळसा. पहिल्या महायुद्धानंतर नुकसानभरपाई म्हणून तिथल्या खाणी फ्रान्सला दिल्या होत्या. म्हणजे तेही तारणच की! दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे वेगळं सरकार आलं, काही काळ वेगळं चलनही होतं. १९५४ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या पात्रता फेरीत त्यांचा संघ पश्चिम जर्मनीविरुद्ध खेळला. जवळजवळ एक देशच.

पण फरक बघा. १९३५ ला त्यांना विचारलं गेलं, कुठे जायचं? नव्वद टक्क्यांवर लोक म्हणाले, जर्मनीत. २३ ऑक्टोबर १९५५ ला पुन्हा मतदान झालं. वेगळा युरोपीय दर्जा हवा का? ६७.७ टक्के लोकांनी नाही म्हटलं. १९५७ ला ते पश्चिम जर्मनीत गेले. फाजल अली अहवालानंतर बरोबर तेवीस दिवसांनी झारचा माणूस मतपेटीसमोर उभा होता.

आपल्याकडे १८५३ ला तह, १९०२ ला भाडेपट्टा, १९४७ ला अकोला करार, १९५३ ला नागपूर करार. सह्या भरपूर झाल्या. निवडणुकाही झाल्या. १९६२ ला तर बापूजी अणे विदर्भाच्या मागणीवर नागपुरातून लोकसभेत गेले. पण हा एकच प्रश्न घेऊन मतपेटी आमच्या गावात कधीच आली नाही.

वेगळं राज्य झालं असतं तर सगळं सुजलाम सुफलाम झालं असतं, असं मी म्हणणार नाही. राजधानी नागपूर झाली असती आणि मग आपण मुंबईऐवजी नागपूरच्या नावाने बोटं मोडली असती :-) कापसाचा भाव पूर्वी लिव्हरपूलला ठरायचा, आताही गावात ठरत नाही. फौजेच्या कर्जापायी तारण गेलेला हा मुलूख. २००६ ला पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं, त्यातल्या सहा जिल्ह्यांपैकी पाच वऱ्हाडातले. या वेळी कर्ज शेतकऱ्याचं होतं. नकाशा बदलून हे फिटलं असतं का, मला खरंच शंका आहे.

महाराजांनी ग्रामगीतेत राज्याच्या सीमेपेक्षा गावाचा विचार जास्त केला. गाव स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, हे त्यांचं सूत्र. मला ते आता जरा जास्त पटतंय.

असो. बारावीत असताना मी आबांना मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, "तुम्हाला विदर्भ हवा होता की महाराष्ट्र?" आबा सरकी निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले,

"आमाले कोनं इचारलं बाबू?"

तेव्हा मी हसलो होतो. या शनिवारी पूल ओलांडताना हसू आलं नाही.