गॅसला वास कुठून आला?

सिलिंडर बदलताना थोडासा गॅस सुटला की आपण नाक मुरडतो. पण मंडळी, गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. तो मुद्दाम घातलेला असतो. असा वास घालणं सक्तीचं झालं, त्यामागे एका शाळेची गोष्ट आहे.

१८ मार्च १९३७. अमेरिकेत टेक्सास राज्यातलं न्यू लंडन गाव. आजूबाजूला तेलविहिरी, त्यामुळे शाळाही पैसेवाली. थंडीत वर्ग गरम ठेवायला खोल्याखोल्यांत गॅसचे हीटर. बिल वाचवायचं म्हणून शाळेने रीतसर कनेक्शन बंद केलं आणि तेल कंपनीच्या उरलेल्या गॅसच्या पाइपला आपली नळी जोडून घेतली. तो गॅस एरवी जाळूनच टाकायचे. फुकटात मिळतोय तर का सोडा?

नळी कुठेतरी गळत होती. इमारतीखालच्या बंद पोकळीत गॅस साठत गेला. मुलांची डोकी दुखायची म्हणतात, पण वासच नाही तर कळणार कसं? दुपारी तीननंतर कार्यशाळेत एका शिक्षकाने लाकूड घासायचं यंत्र चालू केलं. एक ठिणगी पडली आणि अख्खी इमारत उडाली. जवळपास ३०० जण गेले, बहुतेक मुलंच.

त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळायचा कायदा केला. पुढे ही पद्धत जगभर रुळली.

आपल्याकडे स्वयंपाकाचा गॅस पन्नासच्या दशकात बर्मा शेल कंपनीने मुंबईत आणला. त्याआधी सरपण, कोळशाची शेगडी आणि भडकणारे स्टोव्ह. आज आपल्या सिलिंडरमधला वास इथाइल मर्कॅप्टनचा असतो.

आता आपल्या घरातलं बघू. न्यू लंडनचा गॅस हवेपेक्षा हलका होता, तरी बंद जागेत कोंडला. आपला एलपीजी तर हवेपेक्षा जड. गळला की खाली जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभा, जमिनीवर, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर. खड्ड्यात किंवा तळघरात नको. मॉड्युलर किचनच्या नादात तो कपाटात कोंडला असेल, तर कपाटाला खालच्या बाजूला हवेची जाळी हवीच.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याखालच्या पट्ट्यांवर आतून बघा. 'बी २७' असं असेल तर त्याची पुढची तपासणी एप्रिल ते जून २०२७ मध्ये. तारीख उलटलेली असेल तर सरळ परत करा. नळी पाच वर्षांनी बदला, वरून चांगली दिसत असली तरी.

आणि वास आलाच तर दिवा-पंख्याच्या बटणाला हात लावू नका. चालू करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

त्या शाळेने महिन्याचं बिल वाचवलं होतं. आपण शे-दोनशे रुपयांची नळी वाचवतो. त्यांना वासाने सावध केलं नाही, कारण तेव्हा वास नव्हता. आपल्याला तो आहे. आज घरी गेल्यावर नळीवरची तारीख तेवढी बघा.