वतन, वांटणी आणि वारसा

कर्त्या माणसानें मागें काय ठेविलें, असें कोणी विचारल्यास आपण शेत, वाडा, दागिने व ठेवी यांची यादी सांगतों. परंतु ज्या समाजाला संपत्ति मिळविण्याचा मार्गच शतकानुशतकें बंद होता, त्यानें पुढच्या पिढीस द्यावें काय, आणि दिलेलें टिकवावें कसें? महार वतनाच्या इतिहासांत या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर सांपडतें. आणि त्यांतील एक महत्त्वाचें पान सोलापूर शहराचें आहे.

जुन्या गांवगाड्यांत महार हा वतनदार होता. सरकारी निरोप पोंचविणें, साऱ्याची रक्कम कचेरीपर्यंत नेणें, शिवेचा तंटा पडल्यास खूण दाखविणें, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई करणें, हीं त्याचीं कामें. मोबदल्यांत हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन व कुणब्यांकडून बलुतें मिळे. १८७४ च्या मुंबई वतन कायद्यानें या व्यवस्थेस सरकारी चौकट दिली. जमीन वारशानें येई खरी. पण तिच्या पाठोपाठ चाकरीहि वारशानें येई. बाप हजर नसला तर घरांतील दुसऱ्यानें कामास उभें राहिलें पाहिजे, असा शिरस्ता होता. शिवाय वतन एकट्याचें नसून भावकीचें. प्रत्येक पिढीस वांटे वाढत, जमीन मात्र तेवढीच राही. ती मनास येईल तशी विकतां येत नसे, म्हणून तिच्यावर भांडवलहि उभें राहत नसे. वतन हें नांवाला धन, पण पायांतील बेडी होऊन बसलें.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हें दुखणें अचूक ओळखलें. १९२७ सालीं 'बहिष्कृत भारत' पत्रांतून त्यांनीं वतनाची चिकित्सा केली, आणि १९ मार्च १९२८ रोजीं मुंबई कायदे कौन्सिलांत १८७४ च्या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें. ज्याला चाकरी नको असेल त्यानें पूर्ण आकार भरून जमीन आपल्याकडे ठेवावी व मोकळें व्हावें, असा त्यांतील मुख्य आशय होता. १९२९ सालीं तें बिल मागें घ्यावें लागलें. पुढें सरकारनें वतनी जमिनींवरील जुडी वाढविली, तेव्हां १९३९ सालीं हरेगांव येथें वतनदारांची मोठी परिषद भरली.

परंतु बाबासाहेबांनीं केवळ जमिनीवर भिस्त ठेविली नाहीं. २० जुलै १९२४ रोजीं मुंबईंत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली; आणि या सभेनें ४ जानेवारी १९२५ रोजीं वसतिगृह उघडलें तें सोलापुरास! शेताचे तुकडे पडतात, विद्येचे पडत नाहींत. भाऊ चार असले तरी प्रत्येकाच्या वांट्यास ती पूर्ण येऊं शकते.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांची कथा याच जातीची आहे. जानेवारी १८६५ मध्यें जनरल शेरमननें मुक्त झालेल्या गुलामांना ४० एकरांपर्यंतच्या जमिनी नेमून दिल्या. त्याच वर्षीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं बहुतेक जमिनी मूळ मालकांस परत केल्या. त्यांच्या ठेवींसाठीं निघालेली 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक' १८७४ सालीं, म्हणजे इकडे वतन कायदा झाला त्याच वर्षीं, बुडाली. पुढें ज्यांनीं कष्टानें जमीन घेतली, त्यांतील कित्येक मृत्युपत्र न करतां वारले. वारस वाढत गेले, आणि एखाद्या हिस्सेदाराचा हिस्सा विकत घेऊन परक्यानें कोर्टामार्फत सबंध जमिनीचा लिलाव करविल्याचीं उदाहरणें घडलीं.

इकडे १९५८ सालीं कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा झाला, व १ ऑगस्ट १९५९ पासून तो अंमलांत आला. जमीन सरकारजमा होऊन आकाराच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्या वतनदारास ती पुन्हां मिळे. मात्र नवीन व अविभाज्य शर्तीवर, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून हस्तांतर करावयाचें नाहीं या अटीवर. मुदतींत रक्कम न भरणाऱ्याचा भोगवटा अनधिकृत ठरे. बेडी तुटली, पण मालकीचा कागद हातीं ठेवण्याची जबाबदारी घराण्यावर आली.

आज ही जबाबदारी पार पाडणें अवघड नाहीं. मृत्युपत्रास दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाहीं, परंतु केलेली बरी. १९५६ चा वारसा कायदा बौद्धांसहि लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. घरांतील माणूस गेल्यावर सात-बाऱ्यावर वारसांची नोंद वेळेवर करून घेणें, कोणाचेंहि नांव न गाळणें, आणि जुने हुकूम व पावत्या जपून ठेवणें, एवढ्यानेंच पुढील कित्येक तंटे टळतात.

ज्यांच्या पूर्वजांस वारशांत चाकरी मिळाली, त्यांच्या घरांत आज जें थोडें साठलें असेल तें तीन पिढ्यांच्या कष्टांचें आहे. निष्काळजीपणानें तें गमावणें त्यांस परवडणारें नाहीं. आणि ज्यांच्या घरीं असा वारसा पूर्वापार चालत आला आहे, त्यांनींहि तो केवळ आपल्या कर्तबगारीचा आहे असें समजूं नये.