घामाचा हिशेब

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या जूनमध्ये माझा शुगरचा रिपोर्ट आला, बॉर्डरवर. त्याच आठवड्यात लेकाने जाहीर केलं की तो पीटीच्या तासाला जाणार नाही. वय वर्षं बारा. कुणीतरी वजनावरून बोललं होतं. दुबईतला जून म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. पार सप्टेंबरपर्यंत मुलं एसीतून गाडीत आणि गाडीतून पुन्हा एसीत. मी कॉर्पोरेट टॅक्सच्या कामात आकंठ बुडालेली. नवऱ्याने व्हीआर हेडसेट आणायचं काढलं तेव्हा मी सवयीने विचारलं, "हा खर्च कुठल्या हेडखाली टाकू?" म्हणाला, "व्यायाम." मी हसले.

मग 'बीट सेबर' घरात आला आणि तीन मिनिटांच्या एका गाण्यात मी धापा टाकायला लागले. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: डोळ्यांवर हेडसेट, दोन हातांत दोन कंट्रोलर, आत त्यांच्या तलवारी होतात. डावी लाल, उजवी निळी. ठेक्यावर लाल-निळे ठोकळे अंगावर येतात, त्यांवरच्या बाणाच्या दिशेने ते कापायचे. मध्येच भिंत येते, वाकायचं. सांगलीहून आजी व्हिडिओ कॉलवर बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, हा तर पट्टा फिरवतोय!"

एंट्री दिसली की व्हाउचर शोधायचं ही माझी खोड. म्हणून या प्रकाराचा इतिहास खणला.

हा खटाटोप चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. १९८२ च्या सुमारास अटारी कंपनी 'पफर' नावाची व्यायामाची सायकल बनवत होती. पेडल मारा, पडद्यावरचा खेळ पुढे सरकतो. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि पफर बाजारात आलीच नाही. अमिगा कंपनीने त्याच सुमारास 'जॉयबोर्ड' काढला: फळीवर उभं राहून तोल इकडे-तिकडे द्यायचा. किस्सा असा सांगतात की कंपनीच्या इंजिनिअरांनी त्याच फळीवर मांडी घालून अजिबात न हलण्याचा खेळ सुरू केला, आणि त्यावरून अमिगा कॉम्प्युटरच्या एरर मेसेजचं नाव 'गुरू मेडिटेशन' पडलं. हलण्यासाठी आणलेल्या वस्तूवर माणसं बसली! आमच्या ट्रेडमिलवर टॉवेल वाळतात, तसंच.

खरा घाम काढला तो व्यायामाचं नावही न घेणाऱ्या खेळाने. १९९८ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये कोनामीचं 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आलं. पायाखाली चार बाण, पडद्यावर बाण, गाण्याच्या तालावर पाय टाकायचे. मुलं नाचायला गेली आणि भिजून बाहेर आली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांत हा खेळ न्यायचं ठरवलं.

त्याच वर्षाच्या शेवटी निन्टेंडोचा 'वी' आला. रिमोट हलवून टेनिस, बोलिंग. पण तो रिमोट मुख्यतः झटका मोजायचा, हात किती फिरला ते नाही. त्यामुळे सोफ्यावर आडवं पडून नुसतं मनगट हलवलं तरी पॉइंट! आमच्या धंद्यात याला कमकुवत इंटर्नल कंट्रोल म्हणतात. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ मध्येच दाखवलं की वीवर बसून खेळायच्या गेमपेक्षा जास्त ऊर्जा लागते, पण खऱ्या खेळाइतकी नाही. आणि २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांचा अभ्यास आला, तो मला जास्त लागला. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना घरी वी दिला, काहींना हालचालीचे गेम, काहींना बसून खेळायचे. १३ आठवडे मोजलं. दोन्ही गटांच्या हालचालीत फरक नाही. म्हणजे नुसती वस्तू आणून देणं पुरत नाही. हे वाचलं तेव्हा आमचं बिल भरून झालं होतं.

मग हाताची जागा आणि कोन दोन्ही ओळखणारे कंट्रोलर व्हीआर हेडसेटसोबत २०१६ मध्ये ग्राहकांपर्यंत आले. प्रागच्या एका छोट्या स्टुडिओत यान इलाव्स्की आणि व्लादिमीर ह्रिन्चार हे दोघे गेम बनवत होते, संगीत यारोस्लाव बेकचं. १ मे २०१८ ला बीट सेबर बाजारात आला. तालाचा खेळ म्हणून, व्यायामाचा नव्हे. पण त्याची गुणपद्धत बघा, मला तर ती पाठ झालीये. ठोकळा कापण्याआधी हात १०० अंशांतून आला तर ७० गुण, कापल्यावर ६० अंश पुढे गेला तर ३०, अगदी मध्यावर कापला तर आणखी १५. एकूण ११५. कापलात एवढ्याने भागत नाही, हात किती फिरवलात त्याचे पैसे आहेत. घाम या नियमातून येतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये फेसबुकने तो स्टुडिओ विकत घेतला. पुढे 'सुपरनॅचरल' हे व्हीआर व्यायामाचं अ‍ॅप बनवणारी कंपनीही घ्यायला निघाले, तेव्हा जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला. तक्रारीत व्यायामासाठीच बनवलेली अ‍ॅप्स वेगळी काढली होती, आणि बीट सेबरसारखी, ज्यांत व्यायाम ओघाने होतो, ती वेगळी. २०२३ च्या सुरुवातीला कोर्टाने सौदा थांबवायला नकार दिला. मला त्यातला 'ओघाने' तेवढा आवडला.

आता आमच्या घरचं. (सेंटर टेबल आधी हलवा, आमचा एक दिवा गेला. आणि मेटाने २०२३ मध्ये वयाची अट १३ वरून १० केली, पण दहा ते बारा वर्षांच्या मुलांचं खातं आईबाबांच्या ताब्यात असतं, ते तसंच ठेवा.) सहाव्या आठवड्यात हेडसेटवर धूळ. ह्यूस्टनचा अभ्यास आमच्या हॉलमध्ये सिद्ध! मी काही बोलले नाही. रात्री रिटर्न्स आटोपून एकटीच खेळायला लागले, माझ्या शुगरसाठी. एका शनिवारी एका गाण्यात त्याचा स्कोअर माझ्या खाली गेला. त्याने तो पाहिला, दार आपटलं आणि अर्ध्या तासाने हेडसेट मागायला आला.

पळवाट इथेही आहे म्हणा. सराईत खेळाडू मनगटातूनच कोन काढतात, खांदा हलतच नाही. ती मला आपोआप जमायला लागली होती. पीटीला तो अजून जात नाही, शाळेशी बोलणं चालू आहे. माझा पुढचा रिपोर्ट डिसेंबरमध्ये. पण काल रात्री मी खेळत असताना मागून आवाज आला, "आई, मनगटाने नको गं. खांद्यातून मार."