सुप्रीम कोर्टाच्या वरचे कोर्ट

‘सुप्रीम कोर्ट’ म्हटले की त्यापुढे दाद मागायला जागा उरली नाही, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात असे धरून चालाल तर फसाल. तिथे सुप्रीम कोर्टात मूळ दावे चालतात. त्यांवर अपील होते, आणि राज्यापुरता शेवटचा शब्द असतो ‘कोर्ट ऑफ अपील्स’चा. गंमत अशी, की सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला ‘जस्टिस’ म्हणायचे आणि सर्वांत वर बसलेल्याला नुसते ‘जज’!

हे उलटेपण आले कुठून? हे सुप्रीम कोर्ट १६९१ सालचे, म्हणजे न्यूयॉर्क ही इंग्रजांची वसाहत होती तेव्हाचे. ते ‘सुप्रीम’ होते ते वसाहतीतल्या इतर कोर्टांपुरतेच. वर गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल, त्याहीवर समुद्रापलीकडे राजा. आपल्या मुंबईत १८२४ साली सुरू झालेले सुप्रीम कोर्टही याच जातीचे; त्याचेही अपील विलायतेला जाई. मुंबईत १८६२ साली हायकोर्ट आले आणि ते नाव गेले. न्यूयॉर्ककरांनी राजाला घालवले, नाव मात्र ठेवले. मग राजाच्या जागी १७७७ च्या घटनेने कोणाला बसवले? तर सिनेटर मंडळींना! कायदे करणारेच, न्यायाधीशांना सोबत घेऊन, शेवटचे अपील ऐकत. १८४६ च्या घटनेने हा प्रकार मोडला आणि कोर्ट ऑफ अपील्स आले.

पाट्यांचा हा घोळ वकिलांपुरताच असता तर एवढे सांगत बसण्याचे कारण नव्हते. पण १८५२ साल पाहा. मिसुरी राज्यात ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाला खालच्या कोर्टाने १८५० मध्ये स्वतंत्र ठरवले होते. मालकपक्ष अपिलात गेला, आणि १८५२ मध्ये मिसुरीच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. मिसुरीत सुप्रीम म्हणजे खरोखरच सुप्रीम; राज्यात पुढे दार नाही. स्कॉटने नंतर केंद्राच्या न्यायालयांत दाद मागितली आणि १८५७ साली तिथेही तो हरला.

त्याच १८५२ मध्ये व्हर्जिनियाचे लेमन दांपत्य टेक्सासला जाताना न्यूयॉर्क बंदरात उतरले. बरोबर आठ गुलाम, त्यांत लहान मुलेही. लुई नेपोलियन या स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थाने अर्ज केला, आणि शहराच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायमूर्ती पेन यांनी आठही जणांना मोकळे केले. आपल्या राज्यात कोणी गुलाम आणला तर तो गुलाम राहत नाही, असा न्यूयॉर्कचा कायदाच होता. व्हर्जिनिया सरकारने हा प्रश्न प्रतिष्ठेचा करून सुप्रीम कोर्ट गाठले. १८५७ मध्ये तिथेही निकाल कायम राहिला. मिसुरीत प्रकरण इथे संपले असते. न्यूयॉर्कमध्ये अजून एक पायरी होती! १८६० च्या मार्चमध्ये कोर्ट ऑफ अपील्सने पाच विरुद्ध तीन अशा मतांनी सुटका कायम केली. आता दोन मते इकडची तिकडे झाली असती तर, हा विचार मनात येतोच.

आता राज्याबाहेरचे, वॉशिंग्टनचे सुप्रीम कोर्ट तेवढे उरले होते. स्कॉटला हरवणारे तेच. पण १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटले, व्हर्जिनिया संघराज्यातून फुटले आणि ते अपील कधी चाललेच नाही. ते आठ जण तोवर केव्हाच कॅनडात पोहोचले होते.